तिसरा ठोका

गेणूने पाण्यातून डोकं वर काढलं, नाक शिंकरलं आणि लोखंडी शिडीला लोंबकळूनच विचारलं, "किती ठोकले मी, भाऊ?"

सावळीरामने कानावरचे हेडफोन गळ्यात ओढले आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "काय म्हणतोस?"

"ठोके. किती?"

"तीन. नेहमीसारखे." सावळीरामने वहीत तसं लिहूनही टाकलं होतं. वेळ अकरा दहा, खोली बत्तीस फूट, ठोके तीन. "का रे?"

"काय नाय. असंच."

गेणू शिडी चढून आला आणि भिंतीवर ओली पावलं उमटवत उन्हात जाऊन बसला. त्यानंतर बराच वेळ तो काही बोलला नाही. एरवी त्याचं तोंड फक्त पाण्याखाली असताना बंद असायचं.

हे धरण नाशिकहून पेठच्या अंगाला, खैरपाड्याजवळ. पाणी सोडायच्या मनोऱ्याला लागून ती शिडी सरळ तळापर्यंत गेलेली होती. तळाशी बोगद्याचं तोंड आणि तोंडावर गजांची जाळी. पाला, फांद्या, कधी एखादं फुगलेलं वासरू त्या जाळीला येऊन चिकटायचं आणि पाणी तुंबायचं. ते काढायला गेणू उतरे. पोटाशी दगड धरून, एका श्वासात. तो दोर बांधत नसे. दोर गजांत गुंततो, आणि गुंतलेल्या दोरानेच त्याच्या चुलत्याला नेलं होतं. म्हणून त्यांच्या घरात रीत वेगळी होती. खाली पोचलं की हातातल्या गोट्याने शिडीवर तीन ठोके द्यायचे. पहिला म्हणजे पोचलो. दुसरा म्हणजे ठीक आहे. तिसरा म्हणजे आता कामाला लागतो. तिसरा आला नाही तर वरच्याने मागेपुढे न बघता ओरडायचं आणि मनोऱ्यावरच्या माणसाने चाक फिरवायला घ्यायचं. त्या चाकाने बोगद्याचं दार खाली येई; ते पुरतं बसायला सात मिनिटं लागत. पण चार वेढे बसले तरी ओढ निम्मी होई आणि माणूस स्वतःला सोडवून घेऊ शके.

हे सगळं बंद व्हावं म्हणून तर कासव जन्माला आलं होतं.

ओक साहेब एक्याऐंशी साली पुण्याहून पाटबंधारे खात्याच्या संशोधन केंद्रात आले ते ही कल्पना घेऊनच. असं यंत्र करायचं, की जे दोराशिवाय, माणसाशिवाय, आपलं आपण तळाशी जाईल, भिंतीच्या कडेकडेने फिरेल, जाळी तपासेल आणि परत येईल. पोलादी पाठ, आत मोटारींच्या बॅटऱ्या, मागे दोन पंखे. दोघांना उचलवणार नाही एवढं वजन. चालत्या माणसाच्या वेगाने जायचं. डोळ्यांचा तिथे उपयोग नव्हता. बत्तीस फुटांवर स्वतःचा हात दिसत नाही, इतकं पाणी गढूळ. म्हणून कासवाला कान दिले. ते पुढे टिकटिक सोडी आणि परत येणारा आवाज ऐकून समोर काय आहे ते ठरवी.

ठरवायचं कसं, ते सावळीराम दोंदेने शिकवलं. साहेबांकडे गणित होतं, सावळीरामकडे कान होता. देवळालीच्या लष्करी वर्कशॉपात चौदा वर्षं वायरलेसचे सेट दुरुस्त केलेला माणूस. खरखरीतून नेमका आवाज उचलायचा. परत येणारा आवाज एरवी माणसाला ऐकू न येण्याइतका बारीक. त्याला उतरवून हेडफोनमध्ये आणणारं सर्किट त्याने स्वतः झाळलं होतं. मग दिवस न् दिवस बसून त्याने वही भरली. चिखल दबकं उत्तर देतो. दगड खणखणीत. शेवाळ सळसळतं. अशा सात जातींच्या सात चाळण्या त्याने कासवाच्या डोक्यात बसवल्या. ज्या चाळणीत आवाज अडकेल, त्याप्रमाणे कासव वळे, सरळ जाई किंवा थांबे.

सातवी चाळणी माणसाची होती. पहिल्या वर्षी गेणूला बसवायच्या आधी त्यांनी पालथं मडकं खाली बांधून पाहिलं होतं, हवेने भरलेलं. त्याच्याकडून एक बारीक शीळ परत आली. मग गेणू श्वास धरून बसला. तीच शीळ, जराशी मऊ. सावळीराम तेव्हा हसून म्हणाला होता, "तुझ्या छातीत शीळ वाजते, गेणू." गेणूने हे गावभर सांगितलं होतं.

आता चौऱ्याऐंशीचा मार्च होता. कासवाचा टिकटिक सोडणारा जुना स्फटिक डिसेंबरात तडकला आणि नवा आला, तो थोड्या वरच्या आवाजाचा. सातही चाळण्या नव्याने लावायच्या होत्या. पडद्यावर रेषा दाखवणारं यंत्र दुरुस्तीला गेलेलं. साहेब म्हणाले होते, "ते नसलं तरी चालेल. दोंद्यांचा कान आहे." सोमवारी समिती येणार होती. समितीसमोर कासव सोडायचं, आणि जाळीपाशी, त्याच्या वाटेत, गेणू बसणार. कासवाने त्याच्यापासून चार हातांवर थांबायचं.

आज शुक्रवार. सहा चाळण्या लागल्या होत्या. सातवी सावळीरामने काल लावली होती.

दुपारी गेणूची बायको गोजराबाई भाकऱ्या घेऊन आली. तिघं मनोऱ्याच्या सावलीत बसली. शेजारी तिनेच आणून ठेवलेलं पाण्याचं मडकं. गेणूने कांदा फोडला आणि सावळीरामच्या अगदी समोर तोंड आणून सावकाश म्हणाला, "तिसरा नव्हताच, भाऊ."

"काय?"

"दोनच ठोकले मी. मुद्दाम. परवा बी दोनच ठोकले होते. तुमी तीन लिवलं."

सावळीरामच्या हातातला घास हातातच राहिला.

"हेडफोन जुने झालेत," तो म्हणाला.

"आसतील." गेणूने कांद्याची फाक तोंडात टाकली. "माझा डावा कान पान्याने खाल्ला, मला ठावं हाय कसं आसतं ते. माणूस तोंडाकडं बघाया लागतो. पहिलं तुमी माझ्या तोंडाकडं कधी बघत नव्हता. येवढं काय देखणं न्हाई ते."

गोजराबाई पदराआड हसली. सावळीराम हसला नाही.

"साहेबांना सांगणार?"

"मी कशाला सांगू? तुमचं तुमी बघा. साहेब मला पर्मनंट करणार हाय या मशीनवर. मला बी ते व्हायला पायजेल." त्याने हात झटकले. "पर सोमवारी त्याच्या म्होरं मी बसणार हाय. येवढं ध्यानात ठेवा म्हंजे झालं."

रविवारी सकाळी सावळीरामची मुलगी विशाखा विहारातून घरी आली, तेव्हा दादा लोखंडी खाटेवर बसले होते आणि समोर केंद्रातला टेपरेकॉर्डर होता. ती खाट छावणीच्या लिलावातली. तिची दांडी हलली की सगळं घर वाजायचं. आतून तिची आई लताबाई म्हणत होती, "अहो, चहा. अहो. माझा घसा बसला, चहा निवला." सावळीराम टेपच्या चक्राकडे बघत होता.

विशाखा वळसा घालून त्याच्या समोर गेली. "दादा, चहा."

"हां. ठेव."

असं समोर जाऊन बोलायची सवय तिला दोन वर्षांपासून लागली होती. तिने ती ठरवून लावून घेतली नव्हती, आणि कधी कोणाला बोलूनही दाखवली नव्हती. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, दिवसाला एक पुस्तक संपवणारी. न बोललेलं वाचायची तिला सवय होती. पण हे तिने वाचलं आणि मिटून ठेवलं.

"बस जरा," सावळीराम म्हणाला. "हे कानाला लाव. पाण्याचा आवाज येईल. मध्येच एखादी बारीक शीळ आली तर बोट वर कर. थांबली की खाली घे."

"शीळ म्हणजे कशी?"

"आली की कळेल."

टेपला दोघांच्या कानांची सोय होती. त्याने दुसरे हेडफोन स्वतःला लावले आणि बटण दाबलं. घों घों करत पाणी सुरू झालं. चिखलाचं दबकं उत्तर आलं, ते त्याला ओळखू आलं. मग गजांची खणखण. मग विशाखाचं बोट वर गेलं.

त्याने आवाज वाढवला. तिचं बोट वरच होतं. त्याच्या कानात नुसतं पाणी.

बोट खाली आलं. पुन्हा वर गेलं, या वेळी बराच वेळ. ती त्याच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होती, परीक्षेत तोंडी उत्तर देणाऱ्या मुलीसारखी. तिच्या त्या बोटाकडे बघत सावळीराम ऐकत राहिला. चाळीस सेकंद. गेणूचा तो श्वास चाळीस सेकंदांचा होता, वहीत तसं लिहिलेलं होतं. चाळीस सेकंद तिचं बोट वर होतं आणि त्याला काहीही ऐकू आलं नाही.

त्याने टेप बंद केली.

"किती छान आहे," विशाखा म्हणाली. "कोण वाजवतं?"

"कोणी वाजवत नाही. तो गेणू आहे."

"म्हणजे?"

"माणूस म्हणजे बहुतेक पाणीच. पाण्यात पाणी कसं दिसणार? हाडं दिसतात थोडीफार, पण ती फांद्यांसारखी. खरा दिसतो तो त्याचा श्वास. छातीत हवा असेल तरच शीळ येते."

"आणि नसेल तर?"

सावळीरामने टेपची वायर गुंडाळली. "तर चिखल," तो म्हणाला.

तिने हेडफोन काढून खाटेवर ठेवले. मग म्हणाली, "दादा, तुम्हाला ती ऐकू नाही आली ना?"

त्याने ऐकलं नाही असं दाखवलं. ते त्याला सोपं होतं. पण तिने त्याचे ओठ थरथरलेले पाहिले, आणि तिनेही काही न विचारल्यासारखं करून कप उचलला व ती आत गेली.

त्या दिवशी तो जेवला नाही. सातव्या चाळणीचा आकडा त्याने जुन्या वहीतून उतरवून, त्यात थोडी वाढ धरून लावला होता. अंदाजाने. नवा स्फटिक किती वर गेला, हे ऐकल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता. आकडा बरोबर असण्याचीही शक्यता होती. तेवढ्या शक्यतेवर त्याने तीन दिवस काढले होते.

सोमवारी तो पहिल्या गाडीने खैरपाड्याला पोचला, तर समिती त्याच्याआधी पोचलेली. भिंतीवर कापडी छत, छताखाली तीन खुर्च्या. ओक साहेब नव्या शर्टात, कपाळाला घाम. कासव पाण्याच्या काठाला, पाठीवर झेंडूची माळ. गेणू लंगोट लावून दगड निवडत होता.

"साहेब," सावळीराम म्हणाला, "मला दोन तास हवे होते. सातवी चाळणी परत बघायची होती."

"आज? आत्ता?" साहेबांनी आवाज खाली आणला, त्यामुळे सावळीरामला ओठच वाचावे लागले. "दोंदे, शुक्रवारी तुम्हीच सही केलीत. आता समोर माणसं बसलीत. काही तुटलंय का?"

"तुटलं नाही."

"मग?"

सावळीरामने मागे पाहिलं. गेणू शिडीपाशी गेला होता. दगड पोटाशी धरला होता आणि पाण्याकडे बघत होता. त्याने एकदाही वळून सावळीरामकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं सावळीरामला पुढे अनेक वर्षं वाटत राहिलं. तो पाहत नव्हता, कारण त्याने सगळं सावळीरामवर सोडून दिलं होतं.

सावळीराम साहेबांना ओलांडून खुर्च्यांसमोर गेला.

"सातवी चाळणी मी अंदाजाने लावलीय," तो म्हणाला. आवाज जरा मोठाच निघाला. आपला आवाज केवढा आहे हेही त्याला आता नीट कळत नसे. "ती माणूस ओळखायची आहे. मला ती शीळ ऐकू येत नाही. वर्ष झालं."

मधल्या खुर्चीतल्या अधिकाऱ्याने चष्मा काढला. "वर्षभर मग तुम्ही काय करत होता?"

"ऐकल्यासारखं करत होतो."

वाऱ्याने छताचं कापड फडफडत होतं. ओक साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. ते रागावतील असं सावळीरामला वाटलं होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तीन वर्षं ज्या पायरीवर वजन टाकून ते वर चढत आले होते, ती पायरी खाली नाही असं कळल्यावर माणूस जसा दिसेल तसे ते दिसत होते.

"मडकं सोडा की, साहेब," गेणू शिडीवरून म्हणाला. "पहिल्या साली सोडलं होतं तसं. मडकं वळखलं तर मला बी वळखंल. न्हाय वळखलं तर मडकंच जाईल."

मनोऱ्याच्या सावलीत बसलेल्या गोजराबाईने मडक्यातलं पाणी भिंतीवर ओतून दिलं आणि मडकं पुढे केलं.

गेणू ते पालथं धरून उतरला. दोन फेऱ्या कराव्या लागल्या. हवेने भरलेलं मडकं खाली जायला राजी नसतं. जाळीपाशी, आपण जिथे बसणार होतो तिथेच त्याने ते बांधलं. तीन ठोके दिले. सावळीरामने हेडफोन लावले नाहीत. त्याने शिडीच्या वरच्या पायरीवर हात ठेवला होता, सहज, आधाराला, आणि ते तीन ठोके त्याच्या तळहाताला कळले. एक. दोन. तीन. इतके स्पष्ट, की तो दचकला.

गेणू वर आला. कासव सोडलं.

ते पाण्याखाली गेलं. आज समितीला दिसावं म्हणून त्याच्या मागे बारीक दोरीला बांधलेला पिवळा फुगा पाण्यावरून सरकत होता; त्यावरून ते कुठे आहे ते कळे. फुगा भिंतीपर्यंत गेला आणि दोन हातांवर सुरेख वळला. खुर्च्यांतून कौतुकाचा आवाज आला. गाळाच्या उंचवट्यावरून तो सरळ गेला. बुडालेल्या बाभळीला वळसा घातला. कासव अतिशय हुशारीने चाललं होतं. मग ते मनोऱ्याकडे वळलं.

वीस हात. दहा. चार हातांवर फुगा थांबायला हवा होता. तो त्याच चालीने पुढे आला, शिडीपाशी पोचला आणि तिथेच अडून उभा राहिला. खाली पंखे फिरतच होते. शिडी थरथरत होती.

क्षणभराने पाण्यातून हवा वर आली. एकच मोठा बुडबुडा, आणि त्यामागून पाच-सात लहान. एका माणसाच्या छातीत मावेल एवढीच ती हवा. पृष्ठभागावर येऊन फुटली आणि पाणी पुन्हा सपाट झालं.

गोजराबाईने गेणूच्या ओल्या दंडाला धरलं आणि सोडलं नाही.

"ते शेवटी मडकं होतं," मधला अधिकारी म्हणाला. "माणूस कदाचित ओळखलाही असता."

"तुमी उतरता का?" गेणूने विचारलं. अगदी अदबीने.

पुढच्या गोष्टी सरकारी चालीने, सावकाश झाल्या. समितीने काम स्थगित ठेवलं. ओक साहेबांची बदली झाली. जाताना ते सावळीरामला एवढंच म्हणाले, "मला आधी सांगायला हवं होतंत, दोंदे. आपण काहीतरी मार्ग काढला असता." "हो," सावळीराम म्हणाला. याहून खरं उत्तर नव्हतं. कासवावर गोणपाट टाकून ते शेडमध्ये ठेवलं गेलं. सावळीरामची कान तपासणी झाली आणि त्याला भांडारात बसवलं. तिथे बोल्ट आणि वायसर मोजायला कान लागत नाही. गेणू पर्मनंट झाला नाही. जाळी तुंबली की त्याला बोलावणं जाई, आणि तो दगड घेऊन उतरे, पूर्वीसारखा.

सावळीरामने नव्या साहेबांकडे एकच गोष्ट मागून घेतली. गेणू उतरेल तेव्हा शिडीपाशी मी उभा राहीन. "ऐकू येत नाही म्हणता ना?" साहेब म्हणाले. "हाताला येतं," सावळीराम म्हणाला.

आणि येत होतंच. तळहात शिडीवर टेकवून तो उभा राही, आणि खालचे ठोके लोखंडातून चढत येत. कानाने ऐकण्यापेक्षा हे बरं होतं. यात खरखर नव्हती. गेणूला हे कळल्यावर त्याला खोडी सुचली. दोन ठोके द्यायचा आणि तिसरा राखून ठेवायचा. सावळीरामचा जीव कासावीस होई, तो मनोऱ्यावरच्या भिकनकडे बघून तोंड उघडणार, एवढ्यात तिसरा येई. टक्. वर आल्यावर गेणू हसून हसून बेजार. "तोंड कसं झालं होतं, भाऊ?"

"मरशील एक दिवस," सावळीराम म्हणे. "आणि मी समजेन तू थट्टा करतोयस."

"मग थोडं जास्त थांबा," गेणू म्हणे.

पंच्याऐंशीच्या ऑक्टोबरात नदीने जलपर्णी आणली. जाळी गच्च भरली. बोगदा उघडा होता, खाली शेतांना पाणी चाललं होतं, आणि ते बंद करायची कोणाची तयारी नव्हती. सकाळी दहाच्या सुमारास गेणू उतरला. ऊन चांगलंच तापलं होतं. शिडीचं लोखंड हाताला चटका देत होतं. भिकन चाकापाशी उभा होता.

पहिला ठोका आला. दुसरा आला.

सावळीराम थांबला. मनात म्हणाला, कर थट्टा. लोखंड तापलेलं होतं, पण त्याने हात हलवला नाही. खालून शिडीला एक हलकी थरथर आली, जशी गेणू जाळीवर पाय रोवून वेल ओढताना येई. म्हणजे कामाला लागला, त्याला वाटलं, आणि तिसरा विसरला. मग थरथर थांबली. मग त्याला वाटलं, आता येईल.

नंतर चौकशीत त्याला विचारलं, किती वेळ थांबलात. "दीड मिनिट," तो म्हणाला. दीड मिनिट का, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगणार होता?

दीड मिनिटाने तो ओरडला. भिकनने चाकावर अंग टाकलं. चार वेढे बसले, आठ बसले, दार पूर्ण बसलं, आणि गेणू वर आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या गावातल्या माणसांनी गळ टाकून त्याला काढला. हात दंडापर्यंत गजांच्या आत गेलेला होता. गोटा मुठीतच होता.

आठवड्याने सावळीराम शेडमध्ये गेला आणि कासवावरचं गोणपाट काढलं. बॅटऱ्या गंजल्या होत्या. पण सातही चाळण्या जागच्या जागी होत्या, त्याने झाळलेल्या, एकीवर एक. कोणीतरी चांगल्या कानाचा माणूस बसवला असता तर सातवी दोन दिवसांत लागली असती. कासव गेलं असतं, जाळी बघून आलं असतं, आणि गेणूने काठावर बसून त्याला शिव्या दिल्या असत्या. हे त्याला एखादा हिशेब सुटावा तसं स्वच्छ दिसलं. त्या सोमवारी बोललो ते बरोबर होतं. एक वर्ष आधी बोललो असतो तर तेही बरोबर झालं असतं, आणि गेणू असता. त्याने गोणपाट परत नीट टाकलं, कोपरे खोचले.

दिवसकार्य झाल्यावर गोजराबाई एकदा देवळालीला घरी आली. लताबाईने तिला जवळ बसवलं. ती सावळीरामच्या समोर, खाटेशेजारी जमिनीवर बसली होती, आणि आपल्या माणसाबद्दल बोलताना तिचा चेहरा थोडा उजळला होता.

"घरी आला की सांगायचा मला. आज भाऊला तिसऱ्यापायी लय थांबवलं. पोरावानी हसायचा. मी म्हनायची, कशाला त्या मानसाचा जीव घेता. तर म्हनायचा, आगं, माझ्यासाठी कोन थांबतं का एवढं?"

सावळीराम तिच्या ओठांकडे बघत होता. त्याने सगळं ऐकलं. "हो," तो म्हणाला. "थांबायचो मी."

विशाखा दारात उभी होती. तिने दादांचा चेहरा पाहिला, आणि चौकशीत कोणी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिला कळलं. त्यावर ती त्यांच्याशी तेव्हा बोलली नाही, आणि नंतरही कधी नाही.

त्यानंतर तो घरी आला की खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसे. एक तळहात दांडीवर पालथा टेकलेला. बोलावलं तर वळत नसे. पण कोणाचा पाय खाटेला लागला की लगेच मान वर करी.

उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी विशाखा चहा घेऊन आली. वळसा घालून समोर जायला जागा नव्हती, लताबाईने वाळवण पसरलं होतं. ती मागूनच वाकली, तेव्हा बशीची कड खाटेच्या दांडीला लागली. टक्. ती सावरायला गेली, आणि कड पुन्हा लागली.

सावळीरामची मान वर झाली. तो वळला नाही. तळहात दांडीवर दाबला गेला, बोटं पांढरी पडली, आणि त्याचा श्वास थांबल्याचं तिला पाठीवरून दिसलं. तो थांबला होता. ती कप हातात धरून उभी राहिली. चहाची वाफ हळूहळू कमी झाली.

मग तिने उजव्या हाताचं बोट मुडपलं आणि पेराने दांडीवर एकदा ठोकलं.

सावळीरामने श्वास सोडला. त्याने हात दांडीवरून काढला, आणि मागे न बघताच कपासाठी पुढे केला.